आत्यांना शिरगावहून घरी कोणी आणलं?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठून जाते, अशी माझी ख्याती आहे. त्यामुळे इथे लिहिताना जरा चोरट्यासारखं वाटतंय. पण गेल्या एप्रिलपासून हे डोक्यातून जात नाहीये... आणि महेशसमोर, म्हणजे नवऱ्यासमोर, हा विषय काढला की तो वैतागतो.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. महेश इथल्या एका केमिकल कंपनीत, म्हणून राहायला बोईसरला. मी पालघरजवळ कोळगावला एका ऑफिसात क्लार्क. सासूबाई — आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात — तेव्हा नुकत्याच गावाहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना अक्षरओळख नाही, हिंदी कळत नाही, मोबाईल वापरत नाहीत.

आणि इथल्या बस! दीड वर्षात मलाही उमगल्या नव्हत्या. ‘तारापूर’ म्हणजे तारापूर गाव, की कारखान्यांचा एरिया, की वीजकेंद्राची कॉलनी, हे दोनदा विचारावं लागतं. माहीम म्हटलं की मुंबईचं नाही, इथलं. एकच गाडी एका फेरीला या रस्त्याने, तर पुढच्या फेरीला त्या. मी आपली एकच बस पाठ केली होती, पालघर ते बोईसर स्टेशन. तिथून पुढे शेअर रिक्षा.

त्या दिवशी सकाळी आत्यांना पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे त्यांना सगळं धूसर दिसत होतं. मला ऑफिसातून फोनवर फोन. एक वाजता स्टँडवर आले, नेहमीच्या जागी बस उभी होती. पाटी वाचली नाही, कंडक्टर अजून चढला नव्हता, तरी आत्यांना पुढच्या सीटवर बसवलं आणि म्हटलं, “शेवटपर्यंत बसून राहा. महेश उतरवून घेईल.”

त्यांनी माझा हात धरला. “तू न्हाई येत व्हय?”

“मला काम आहे आत्या,” म्हणून मी हात सोडवला. हे खरं खरं लिहितेय.

सव्वादोनला महेशचा फोन. “बोईसरची गाडी येऊन गेली. आई त्यात नाहीये.”

मी तशीच स्टँडवर पळाले. चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, एक वाजता तिथे समुद्राकडच्या शिरगावची गाडी लागली होती. बोईसरची तिच्या मागे होती.

रिक्षा करून शिरगाव गाठलं. सव्वातीन झाले असतील. शेवटच्या स्टॉपवर तीच बस पुढच्या फेरीला येऊन उभी, कंडक्टर सावलीत पाणी पीत होता. मला बघून म्हणाला, “काय ताई, परत कशाला आलात? काय विसरलात काय?”

मला वाटलं, चुकून बोलला. मी आत्यांचं वर्णन सांगितलं... हिरवं लुगडं, काळा चष्मा, गळ्यात बोरमाळ.

“तुमीच तर उतरवून घेतलंत त्यांना! गाडी लागली तेव्हा तुमी इथंच उभ्या होतात. मीच बोललो, मावशी, आता आलं तुमचं माणूस.”

त्या वेळी मी कोळगावला टेबलाशी बसले होते. चार माणसं समोर होती.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते बोरमाळेचं. हा माणूस काहीतरी लपवतोय. मी ओरडायला लागले, पोलिसांचं नाव काढलं. तेव्हा बाजूला ताडगोळे घेऊन बसलेली बाई उठली.

“अगं बाय, त्याला कशाला बोलतंस? तो खोटा नाय बोलत. तू माज्याकडना ताडगोळे नाय नेलेस? म्हातारीला दात नाय म्हणून कवळे मागलेस. मी सोलून दिले.”

वाटलं, हे दोघं मिळालेले आहेत. पण आत्यांना दात नाहीत हे या बाईला कसं कळलं?

तेवढ्यात महेशचा फोन. “आई घरी आहे.”

घरी पोचले तर आत्या आरामात चहा पीत होत्या. बोरमाळ गळ्यात. ओट्यावर पानात बांधलेले चार ताडगोळे. महेश स्टेशनवरून परतला तेव्हा त्या बंद दाराबाहेर, शेजाऱ्यांच्या नेहमी बाहेरच असणाऱ्या खुर्चीवर बसल्या होत्या. “वैशाली चावी आणायला गेली,” असं त्यांनी त्याला सांगितलं. वैशाली म्हणजे मी.

“आत्या, तुम्हाला कोणी आणलं?”

“असं काय इचारतीस? तूच की.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. शिरगावहून पालघरला परत आल्यावर एका गाडीकडे सगळे धावले, त्या पण निघाल्या, तर ‘मी’ त्यांना मागे ओढलं. ती भलतीकडे, मनोरला जाणारी होती म्हणे. दुसरी पण सोडली. तिसरीत बसलो. बोईसर स्टेशनला सगळे उतरले तरी ‘मी’ त्यांना उठू दिलं नाही. पुढे गेलो, आणि आपल्या बिल्डिंगच्या मागच्या रस्त्यावर उतरलो.

“मागून बस जातच नाही आत्या.”

“जातीया. उतरले की मी.”

दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन उभी राहिले. खरंच जाते. तारापूरच्या काही फेऱ्या त्या रस्त्याने वळतात. मलाच माहीत नव्हतं, मग त्या ‘मी’ला कसं माहीत?

महेशचं म्हणणं सरळ आहे... डोळ्यांत थेंब होते, कोणीतरी भली बाई भेटली, तुझ्यासारखी दिसत असेल. ठीक. मीही तेच धरून बसले असते. पण त्या संध्याकाळी भाजी निवडताना आत्या हळूच म्हणाल्या, “तू गाडीत म्हणालीस त्यानं बरं वाटलं बघ. थोरल्याकडं पाठवायची न्हाई म्हणालीस.”

माझे हात थांबले.

आत्यांना पुढच्या आठवड्यात थोरल्या दिरांकडे पाठवायचं, हे मी त्याच दिवशी दुपारी, ऑफिसातून, मोठ्या जाऊबाईंना फोन करून ठरवलं होतं. महेशलासुद्धा अजून बोलले नव्हते. जाऊबाईंना शपथ घालून विचारलं, त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मग माझा संशय आत्यांवरच गेला. लाज वाटते लिहायला, पण गेला. यांना आधीच कुणकुण लागली असेल, कोणा बाईला हाताशी धरून हे सगळं रचलं असेल... किती दिवस मी त्यांच्यावर नजर ठेवून होते. झोपेत काही बोलतात का, कोणी भेटायला येतं का. काही नाही. आणि पाटी न वाचता चुकीच्या बसमध्ये मीच तर त्यांना बसवलं होतं. ते त्या कशा रचणार?

एकदा एकटीच शिरगावला जाऊन आले. ताडगोळेवालीने लांबूनच हात केला. तिला म्हटलं, नीट बघा, त्या दिवशी आलेली ती मीच होते का? तिने बराच वेळ बघितलं. “तूच,” म्हणाली. “पण तवा हसत होतीस.”

आत्या अजून आमच्याकडेच आहेत. थोरल्या दिरांकडे पाठवायचा विषय मी पुन्हा काढला नाही. कोणी का दिला असेना, शब्द माझ्या तोंडून गेला होता.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. कोणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. फक्त ‘सारखी दिसणारी बाई’ एवढंच सांगू नका, ते ऐकून झालंय.

मागच्या महिन्यात त्यांच्या डोक्याला तेल लावत होते. मध्येच म्हणाल्या, “त्या दिशी गाडीत किती बोलत हुतीस गं. आता का बोलत न्हाईस?”

तेव्हापासून ऑफिसातून आले की अर्धा तास त्यांच्याजवळ बसते. काय बोलावं ते रोज सुचतंच असं नाही. बस, ऑफिस, भाजीचे भाव, काहीही. त्या हूं हूं करत ऐकतात. मध्येच चष्मा पुसून डोळ्यांवर चढवतात आणि माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघतात. मी बोलत राहते.