आप्पांच्या रानातला कार्बन

चार वेड्यांची गाठ पडली की किस्से आपोआप साचतात, न झाडलेल्या धुराड्यातल्या काजळीसारखे. आम्ही तर तिघंच होतो: फिजिक्सचे सर, मैत्रीण शैला आणि मी. एमएस्सी झाल्यावर निपाणीजवळ आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मोकळ्या रानात आम्ही बांबूंवर तारा ताणल्या. हंस तारकासमूहातल्या तेजोमेघांमधला कार्बन फार क्षीण रेडिओलहरी सोडतो. त्या टिपायच्या होत्या.

आप्पांची अट एकच. "तंबाखूच्या लावणीपतोर रान तुझं. काय घावलं न्हाय तर तारा काढायच्या आणि येईल त्या स्थळाला व्हय म्हणायचं."

"आणि घावलं तर?"

"आधी घावू दे की!"

*

सरांनी माझ्या थोरल्या आक्काला समजावलं, "कार्बन म्हणजे आपला कोळसाच."

आक्काने मान वर करून आभाळाकडे बघितलं. "मग तिथं चूल कुणाची हाय?"

त्या दिवसापासून हंस डोक्यावर आला, की मला मंद धुराचा वास यायचा.

*

एका सकाळी रानातल्या खोलीत ग्राफ काढणाऱ्या रेकॉर्डरचं पेन भलतीकडेच सरकलं. सर खुर्चीतून उठलेच. "नवा तेजोमेघ!"

शैला खोलीबाहेर डोकावून आली. "सर, आक्कांनी तारेवर इरकल लुगडं वाळत घातलंय. अजून ओलं आहे."

*

रानालगतच्या रस्त्याने मोटरसायकल गेली की तिच्या प्लगच्या ठिणग्या ग्राफवर उमटत. एकाला मी रस्त्यातच अडवलं. "इंजिन बंद करा, ढकलत न्या!"

"का? कोण झोपलंय?"

सर हळूच म्हणाले, "कुणीतरी फार लांबून बोलतंय."

बिचारा पावलांचा आवाज न करता गाडी ढकलत गेला. वळणावरून त्याने दबक्या आवाजात विचारलं, "झालं का वं त्यांचं बोलणं?"

*

काका आले. सगळ्यांचे काका येतात तसे, सल्ला घेऊन. "दिवसाढवळ्या तारे बघतीस व्हय गं?"

"काका, तुम्हाला दिसत नाहीत म्हणून ते घरी गेलेले नसतात!"

*

लावणीच्या दिवशी रोपं आली, बायका आल्या आणि मला न विचारता बोलावलेली स्थळाकडची माणसंही आली. मी संतापून खोलीतच बसले. इतक्या महिन्यांच्या ग्राफांची सरासरी आम्ही त्याच सकाळी पुरी केली. जिथे कार्बनची खूण असायला हवी, नेमका तिथेच एक बारीक उंचवटा! सर चष्मा पुसत राहिले. शैला रडायला लागली.

आप्पा दारात आले. "घावलं?"

"घावलं."

"कवा निघालंय तिथनं?"

"हजारो वर्षांपूर्वी, आप्पा."

त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. मुलाचे वडील म्हणत होते, "मुलीला बोलवा की आता."

"जरा दमानं घ्या," आप्पांचा आवाज आला. "तुमच्या आधी निघालेलं पावणं आलंय."