आमच्या राज्यातला आत्म्याचा कायदा

दादाने आपला आत्मा माझ्याकडे ठेवायला दिला तेव्हा मी पाचवीत होते आणि माझ्या तोंडात संत्र्याची फोड होती. "थुकू नको," तो म्हणाला, "बियांसकट गीळ. आता तो तुह्यापाशी."

हे सगळं आमच्या राज्याच्या कायद्याप्रमाणे चाललं होतं. घर आमचं सौंसरला, नागपूरच्या पलीकडे, हिंदी मुलखात. रामाकोन्याच्या वाटेवर थोडी संत्र्याची बाग होती आणि बागेतल्या टिनाच्या खोलीत हे राज्य होतं. त्याला नाव नव्हतं. नाव दिलं की तहसील कोणती ते ठरवावं लागतं, असं दादाचं म्हणणं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, अकरावीतला. एवढा मोठा पोरगा धाकट्या बहिणीशी असला खेळ का खेळतो म्हणून लोक हसायचे. हसणाऱ्यांचं काय जातं? लहानपणी दादाला सांधे धरून ताप आला होता, त्याने त्याच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब केला होता. चार पावलं पळाला की ओठ निळे पडायचे. नागपूरचे डॉक्टर म्हणत होते, जरा ताकद येऊ द्या, मग ऑपरेशन करू. ताकद काही येत नव्हती. बसून खेळता येईल असं त्याच्याजवळ एवढं एक राज्यच होतं.

राज्यातले हुकूम हिंदीत निघत. "समस्त प्रजा को सूचित किया जाता है" असं म्हणत दादा खाटेवर उभा राही आणि मी समस्त प्रजा होऊन खाली बसे. आमची शाळा हिंदी, तहसीलीतल्या पाट्या हिंदी, हेडमास्तरांच्या शिव्यासुद्धा हिंदी, तेव्हा राज्य चालतं ते हिंदीतच, अशी आमची खात्री होती. फक्त आत्म्याचा कायदा मराठीत. "आत्मा काही सरकारी नाही न," दादा म्हणे, "तो घरचा माणूस होय."

ही कल्पना त्याला बाबांकडून मिळाली, बाबांना न कळता. बाबा शाळामास्तर, पण जीव सगळा बागेत. एकदा ते कलम करायला जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा बांधत होते. दादाने विचारलं, मोठं झाल्यावर हे झाड जंबेरीचं की संत्र्याचं? बाबा म्हणाले, खाली ते, वर हे. एकमेकांच्या जिवावर जगतात.  दुसऱ्या दिवशी दादाचा कायदा तयार. आमच्या राज्यात कोणाचाही आत्मा स्वतःजवळ नसतो, तो दुसऱ्याला बांधलेला असतो. त्यामुळे तिथे कोणी कोणाला मारत नाही, कारण समोरच्याच्या आत कोणाचा आत्मा आहे ते मारणाऱ्याला माहीत नसतं. कदाचित त्याच्या स्वतःच्या आईचाच असेल.

"मंग माणूस मेल्यावर?" मी विचारलं.

"ज्यानं सांभाळला त्यानं जाय म्हणाचं. तोंडानं. मनातल्या मनात चालत नाही."

"अन् नाहीच म्हटलं तं?"

"तं फिरत राह्यते बिचारा."

शब्द त्याने मुद्दाम निवडला होता. आमच्या घरी 'जाय' म्हणायची सोयच नव्हती. उंबऱ्याबाहेर पडणाऱ्याने 'येतो' म्हणायचं आणि घरातल्याने 'ये बरं' म्हणायचं, मग तो दळण आणायला का निघालेला असेना. एकदा दादा चुकून 'जातो' म्हणाला, तर आईने त्याला हात धरून परत आत आणलं, पाटावर बसवलं, पाणी पाजलं आणि मग सोडलं.

पुढच्या हिवाळ्यात त्याच्या पायांवर सूज आली. बाबा आणि पांढुर्ण्याचे मामा त्याला नागपूरला घेऊन निघाले. छोट्या लाइनीची आगगाडी हळू, पण तिच्यात त्याला आडवं होता येत होतं. दारात तो आईला "येतो" म्हणाला. माझ्याजवळ आला तेव्हा त्याला बोलायला श्वास पुरत नव्हता. त्याने फक्त माझ्या छातीवर बोट टेकवलं. मी "ये बरं" म्हणाले. तो आला, पण जीपमधून आला, पांढऱ्या चादरीत.

दहाव्याला पुरुषमंडळी नदीवर गेली. भाताचे पिंड मांडले आणि सगळे लांब होऊन कावळ्याची वाट पाहू लागले. कावळे बाभळीवर बसलेले, एकही खाली येईना. एरवी अंगणात वाळत घातलेला पापड ठेवू न देणारी ही जात! मामांचा संत्र्याचा व्यापार, बोलण्यात वस्ताद. ते हात जोडून म्हणाले, "भाचेबुवा, बहिणीले मी शिकवीन, तुमच्या बापाले एकटं पडू देणार नाही." कावळ्यांनी मान वळवली. ऊन चढलं. कोणीतरी म्हणालं, त्याचा जीव बहिणीत अडकला असेल, तिला आणा. आमच्यात बायकापोरी घाटावर जात नाहीत, पण मला सायकलवर बसवून नेलं.

"बोल बाई काही," मामा म्हणाले. "त्याच्या मनातलं तुलेच ठाव."

मला खरंच ठाऊक होतं. एकच शब्द होता. म्हणून मी ओठ घट्ट मिटले. मला तो जायला नको होता. रडणारे, समजावणारे, दटावणारे सगळे माझ्याभोवती होते, आणि मला त्या सगळ्यांचा राग आला होता, कारण त्यांना त्याला लवकर वाटेला लावायचं होतं. शेवटी क्रिया करणाऱ्या भटजी महाराजांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला. गवताचा कावळा फार आज्ञाधारक असतो. त्याने एकदाही मान वळवली नाही. सगळे घरी आले.

मामांनी आईजवळ तक्रार केली की पोरीने तोंडच उघडलं नाही. आईने मला स्वयंपाकघरात घेतलं. "काय सांगाचं होतं तुले?" मी सगळं सांगितलं, फोडीपासून 'जाय'पर्यंत. आई सोमवार, एकादशी, चतुर्थी, काही न सोडणारी बाई. पिंडाला कावळा शिवला नाही याचा धसका तिनेच सर्वांत जास्त घेतला होता. आता मारते की काय, असं मला वाटलं. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "नको म्हणू. राहू दे त्याले."

तेव्हापासून त्या राज्यात आम्ही दोघी राहिलो. बाबांना काही माहीत नव्हतं. मला ताट वाढताना आई हळूच विचारायची, "आहे न?" मी छातीवर हात ठेवायची आणि म्हणायची, "आहे." मग ती पोळीवर तूप घालायची. मला ताप आला की ती घाबरून अर्धी व्हायची, आणि ती कोणासाठी घाबरते आहे ते मला कळायचं. वाईट नाही वाटलं कधी. उलट मी जपून चालू लागले. झाडावर चढणं सोडलं.

वर्षश्राद्ध झालं. उन्हाळा लागला, विहिरीचं पाणी खोल गेलं. एका दुपारी आई दोन घागरी घेऊन आली आणि उंबऱ्यावरच बसली. तिला धाप लागली होती. पदराने वारा घेत ती कितीतरी वेळ नुसता श्वास घेत राहिली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"त्याले असंच होत होतं न वं?" तिने विचारलं.

"हो."

"अन् आपण त्याले वर्षभर फिरवून राह्यलो. दमला असन पोरगा." ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हण आता."

"तू म्हण."

"माह्याच्यानं होत नाही. अन् त्यानं तुह्यापाशी ठेवला."

मला म्हणायचं नव्हतं. पण आईच्या गळ्याची शीर उडत होती, अगदी त्याची उडायची तशी, आणि ती पाहवेना. मी रस्त्याकडे तोंड करून म्हणाले, "दादा, जाय." आवाज मोठा निघाला. रस्त्यावर कोणी नव्हतं.

"गेला का?" आईने विचारलं.

कायद्यात हे कळायची काही तरतूद आम्ही ठेवली नव्हती. विचारायचं तर त्यालाच विचारावं लागलं असतं. माझ्या छातीत रोजच्यासारखंच धडधडत होतं.

"गेला," मी म्हणाले.

आईने हंबरडा फोडला. दहा दिवसांत, बाराव्या-तेराव्याला, वर्षश्राद्धाला सगळ्या बायका हिला रडवू पाहत होत्या तेव्हा जी रडली नव्हती, ती भर दुपारी उंबऱ्यावर डोकं आपटून रडू लागली. शेजारच्या बायका हातातली कामं टाकून धावत आल्या. एकीने तिला धरलं, एकीने मला जवळ ओढलं, आणि सगळ्या एकदम विचारू लागल्या, "काय झालं वं? कोण गेलं?"

"माहा पोरगा गेला वं बाई," आई म्हणाली. "माहा पोरगा गेला."