पायरीवरचं कढत पाणी

रस्त्यावरचा बर्फ वितळवायला कौन्सिलने कोपऱ्यावर ठेवलेल्या पिवळ्या पेटीतल्या त्या मातकट मिठाचा वास आला की शेजारचा म्हातारा आठवतो आणि अजूनही माझं डोकं फिरतं. वेल्समधल्या या डोंगरातल्या गावात आमचा पहिलाच हिवाळा होता आणि आई पुण्याहून राहायला आली होती. सकाळी पहिला बर्फ बघून ती हरखली, मूठभर उचलून तिने गालाला लावला. पण दारापुढे पाणी मारल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे, म्हणून तिने बादलीभर कढत पाणी पायरीवर ओतलं. बर्फ वाफा सोडत वितळला. "बघ, फावडं हवंय कशाला?" ती म्हणाली, आणि मलाही ते पटलं. म्हातारा त्याच्या खिडकीत चहाचा मग घेऊन सगळं बघत होता. तासाभरात पायरीची काच झाली, दुधाची बाटली आत घ्यायला गेलेली आई घसरली आणि तिचं मनगट मोडलं. मी तिला उचलत होते तेव्हा तो दार उघडून म्हणाला, "मघाशीच मनात म्हटलं, हे आता गोठणार." "मनात?" मी किंचाळले. त्याने शांतपणे दार लावलं. तो मरेपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. काल या वर्षीचा पहिला बर्फ पडला. त्याच्या घरात नुकतीच राहायला आलेली बाई वाफाळती किटली घेऊन पायरीवर आली. मी खिडकीत होते. हातात चहा होता. तो संपेपर्यंत मी तिथून हलले नाही.