न धुतलेली टाकी

जळक्या प्लास्टिकचा वास आला की तिरोड्याजवळच्या आमच्या घरातली ती दुपार आठवते. धानावर तुडतुडे पडले आणि नेमकी फवारणी पंपाची टाकी तडकली. मी हॉट स्टेपलर घेऊन बसले. त्याची तापलेली पिन तड्यात दाबली की प्लास्टिक वितळून सांधलं जातं. बाबा टाकी धरून वाकले होते. तिसऱ्या पिनेला उग्र पांढरा धूर निघाला. “टाकी धुतली होती ना?” मी विचारलं. “कायले धुवाची? उद्या तेच औषध भराचं हाय.” एवढं बोलले आणि भिंतीला टेकत खाली घसरले. मी त्यांना ओढत अंगणात आणलं, हाका मारत राहिले. कितीतरी वेळानं त्यांनी डोळे उघडले, म्हणाले, “काऊन रडून राहिली? टाका बसला का?” आजही शेजारी कुणी कचरा पेटवला की मी आधी बाबा कुठे आहेत ते बघते.