व्हिलनचा घाणा

आमच्या शेडमध्ये दिवसभरात केळीच्या सालींचा जेवढा ढीग पडतो, तेवढाच किश्श्यांचाही पडतो. साली संध्याकाळी म्हशींपुढे जातात. किश्श्यांचं काय करायचं? म्हशी ते खात नाहीत आणि माझ्या पोटात ते राहत नाहीत. म्हणून सांगून टाकते.

शेड ब्राह्मणपुरीत, आमच्या बचत गटाची. कच्च्या केळीचे वेफर्स तळतो आम्ही. सुशीलाकाकी केळी सोलतात, रंजना किसणीवर, केसरअक्का कढईवर, आणि मी पाकिटांना सील मारते. भिंतीवर टीव्ही आहे. रंजनाच्या घरी नवीन आला तेव्हा जुना इकडे आला. दुपारी दोनला त्यावर गुन्ह्यांची मालिका लागते, आदल्या दिवशीचाच भाग परत. रोज नवा खून, रोज नवा व्हिलन, इन्स्पेक्टर मात्र एकच. शेवटी व्हिलन मरतो नाहीतर आत जातो, आणि इकडे आमचं भांडण सुरू होतं. त्याची दया करायची की नाही?

केसरअक्कांचा निकाल ठरलेला. झारा कढईच्या काठावर आपटायचा आणि म्हणायचं, "दया कसानी? करस तो भरस!" चौकशीत इन्स्पेक्टरने व्हिलनच्या थोबाडीत ठेवून दिली की अक्का कढईवरूनच ओरडणार, "आखो एक!" म्हणजे अजून एक ठेवून दे.

सुशीलाकाकींचं बरोबर उलटं. व्हिलनला बेड्या पडल्या की यांच्या डोळ्याला पदर. "त्यानी माय कोठे शे वं? तिले कोनी सांगं का?"

माय कधीच दाखवत नाहीत. मालिकेवाल्यांना तेवढा खर्च परवडत नसावा!

*

एकदा व्हिलन होता ट्रक ड्रायव्हर. दोन खून करून पळाला आणि शेवटी धरणात पडला. काकी त्या दिवशी घरी गेल्या आणि डोक्यावरून अंघोळ केली. आमच्याकडे कुणी गेल्याचं कळलं की करतात तशी.

काका ओट्यावर बसलेले. केस ओले बघून त्यांनी विचारलं, "कोन गया?"

"ड्रायव्हर," काकी म्हणाल्या. "भला पोऱ्या व्हता. संगतनं बिघडना."

काकांनी पुढे काही विचारलं नाही. टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला आणि चौकात जाऊन बसले. त्यांचा टॉवेल बघून दुसरे बसले, दुसऱ्यांचा बघून तिसरे. तासाभरात अकरा माणसं टॉवेल घेऊन तयार! कुणाकडे जायचं ते एकालाही माहीत नाही, पण विचारणार कोण? शेवटी एक जण आमच्या शेडच्या दारात आला आणि हळूच म्हणाला, "अक्का, मयत कोठे शे?"

अक्कांनी मान वर न करता सांगितलं, "धरनम्हा. उद्या दोनले नवी मयत शे, मंग या!"

*

व्हिलन पकडला जायच्या वेळी कढईकडे कुणाचं लक्ष नसतं. त्यामुळे त्या वेळचा घाणा हमखास करपतो. तो विकता येत नाही. मग चहासोबत आम्हीच खातो. त्याला आमच्यात नाव आहे, 'व्हिलनचा घाणा'. काकी तोही कौतुकाने खातात. म्हणतात, "बिचारा जाता जाता आपलं पोट भरी गया!"

*

मग ती सासूला विष घालणारी सून आली. त्या दिवशी भांडण इतकं पेटलं की रंजना म्हणाली, "मतदान करा. सुनेची दया येते त्यांनी हात वर!"

त्या भागातली सासूही काही साधी नव्हती. सुनेचा फोन लपवायची, माहेरी जाऊ द्यायची नाही. माझा हात वर गेला. खरं सांगते, विचार न करता गेला. नेमक्या त्याच वेळी माझ्या सासूबाई डबा द्यायला दारात आल्या.

त्या डबा ठेवून गेल्या. संध्याकाळी मी चहा केला, तर कप माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "पहिले तू पे."

आठवडाभर मी रोज दोन कप चहा प्यायले.

*

आता अक्कांचं सांगायला हवं. ते सांगताना मला एरवीसारखं हसू येत नाही.

केसरअक्कांना दोन लेकरं. पण कुणी विचारलं तर त्या सांगतात, "एक पोर शे. नवापूरले दिधी." मुलगा दिनेश लोणखेड्याला एका कॉलेजात क्लार्क होता, पर्मनंट. तीन वर्षांपूर्वी त्याने राजीनामा दिला आणि नट व्हायला मुंबईला गेला. अक्कांनी सांगून टाकलं, "आजपासून तुन्हं नाव मी तोंडे लेवाव नही." आणि नाही घेतलं. बाई शब्दाची पक्की. दिनेश माझा चुलत दीर, तो मला फोन करायचा. इकडचं तिकडचं बोलून झालं की शेवटचा प्रश्न एकच, "भाभी, माय मन्हं नाव लेस का?"

मी काय सांगणार? म्हणायचे, "रेंज नाही रे इथे."

एक दिवस त्याचा फोन आला. "भाभी, उद्या दोनले टीव्ही देखा. त्याच मालिकाम्हा शे मी. मायले सांगू नका."

"इन्स्पेक्टर झालास?" मी विचारलं.

"नही भाभी. व्हिलन."

दुसऱ्या दिवशी दोनला दिनेश पडद्यावर आला. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं केलेलं. पार्टनरचा गळा दाबून त्याने प्रेत उसात टाकलं. आमच्यापैकी कुणी कुणाकडे बघेना. इन्स्पेक्टरने त्याला पकडून खुर्चीवर बसवलं. काकींच्या डोळ्याला सवयीने पदर गेला आणि तोंडातून निघून गेलं, "त्यानी माय कोठे..."

पुढचे शब्द त्यांनी गिळले. माय दोन हात अंतरावर झारा घेऊन उभी होती.

इन्स्पेक्टरने पहिली ठेवून दिली. 'आखो एक' काही आलं नाही. दुसरी दिली. शेडमध्ये फक्त तेलाचा आवाज. तिसरी अशी बसली की दिनेशची मान फिरली. अक्कांनी खाली वाकून गॅस बंद केला. आमच्या इतिहासात व्हिलनचा घाणा पहिल्यांदाच कच्चा राहिला.

"त्या इन्स्पेक्टरना हात भलता चालस," एवढंच त्या म्हणाल्या. व्हिलनची दया येते का, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

थोड्या वेळाने अक्कांनी रंजनाला विचारलं, "शूटिंगम्हा खरंखुरं मारतस का वं?"

"नाही हो अक्का! खोटं असतं सगळं," रंजना म्हणाली.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण त्या रात्री मी दिनेशला फोन केला आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बोलून गेले, "दोन थपडा खोट्या होत्या. तिसरी इन्स्पेक्टरच्या हातून चुकून खरी लागली. दिनेश सांगत होता, दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती."

अक्का वेफर्स उलटत राहिल्या. मला वाटलं, ऐकलं नसेल.

*

मागच्या महिन्यात त्या मालिकेचं शूटिंग तोरणमाळला लागलं. दिनेशचा फोन आला, "भाभी, जाता जाता घर येसू. मायनी हाकली दिधं तर तुमना घर जेवसू." बरोबर त्याचा मित्र येणार होता, तोच तो इन्स्पेक्टर!

गाडी आली तेव्हा सगळा गाव इन्स्पेक्टरभोवती. सेल्फी काय, नारळ काय, हार काय! ज्या लोकांनी दिनेशला पाळण्यात पाहिलं होतं ते त्यालाच म्हणाले, "जरा बाजूला सरक, फोटोत येतोस." बिचारा व्हिलन स्वतःच्या दारात बॅग धरून उभा.

अक्का बाहेर आल्या. इन्स्पेक्टरला म्हणाल्या, "या साहेब, बठा." दिनेशकडे बघितलंच नाही. मला म्हणाल्या, "त्याले म्हन, हात धोई ले." घरात तर घेतलं! मी देवाला हात जोडले.

दोन ताटं मांडली. दिनेशच्या ताटात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. साहेबांच्या ताटात भाकरी आणि वाटीभर लालभडक रस्सा. आमच्याकडच्या मिरचीचा, नुसत्या मिरचीचाच म्हणा ना. दिनेशने वाटी बघितली, मित्राकडे बघितलं, तोंड उघडलं आणि आईकडे बघून परत मिटलं.

साहेबांनी पहिला घास घेतला. "वा आई, झकास!"

दुसऱ्या घासाला त्यांचे कान लाल झाले. पण पडद्यावरचा रुबाब, दारात अख्खा गाव बघतोय, माघार कशी घेणार? तिसरा घास मोठा घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, नाकातून पाणी, आणि हात लोटा शोधतोय. लोटा कुठेच नाही.

अक्का समोर उभ्या. हातात झारा. घरात वेफर्स तळत नव्हते, पण झारा होता.

"साहेब, किती घास व्हयनात?"

"ती... तीन, आई."

"तिसरा जोरमा लागना का?"

साहेबांनी मान हलवली. बोलायची सोय उरली नव्हती.

"चुकीसन लागना व्हई," अक्का शांतपणे म्हणाल्या. काकींनी पदर डोळ्याला लावला, या वेळी इन्स्पेक्टरसाठी. आणि अक्का मागे न वळता म्हणाल्या,

"दिनेश, साहेबले पानी दे."