चक्री धरणारीची जागा

लग्नानंतरची माझी पहिली संक्रांत भोपाळला, कारखान्याच्या वसाहतीत झाली. काळी साडी आणि वर हलव्याचे दागिने: हार, बाजूबंद, बांगड्या, सगळं आईने नागपूरहून हौसेने पाठवलेलं. एवढा साज केलेल्या नव्या नवरीला कुठे बसवतात? पाटावर. मला मात्र भर दुपारी लोखंडी शिडीने तीन मजली क्वार्टरच्या छतावर चढवलं, कारण आमच्या ह्यांना पतंगाच्या मांजाची चक्री धरायला माणूस हवं होतं.

छत म्हणते, गच्ची म्हणत नाही. गच्चीला कठडा असतो. इथे पाण्याच्या टाकीशिवाय काहीच नव्हतं, आणि कडेला वीतभर उंचवटासुद्धा नव्हता. मला उंचीची भीती लहानपणापासूनची. माहेरी मी स्टुलावर चढून जळमटंही काढत नसे. पण नव्या सुनेने पहिल्याच सणाला 'मला भीती वाटते' असं म्हणायचं कसं? पदर खोचला आणि चढले.

हे कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते. उंचीवर पट्टा बांधल्याशिवाय पाऊल टाकू नका, म्हणून वर्षभर लोकांना दटावत फिरायचे. बोटात मांजा आला की तेवढं सगळं विसरायचे. मांजा आणायला स्वतः जुन्या शहरात जायचे, आणि नवाबांच्या काळी पतंगांवर पैजा कशा लागत हे असं रंगवून सांगायचे, जणू तिथे जातीने हजर होते.

सासूबाई आपल्या लेकाला ओळखून होत्या. दर संक्रांतीला त्या आपलं जुनं नऊवारी लुगडं घेऊन वर येत. एक टोक टाकीच्या पाइपला बांधत, दुसरं लेकाच्या कमरेला, आणि मग त्याला कडेकडे चालवून बघत. कडेच्या एक पाऊल अलीकडे लुगडं ताणलं गेलं पाहिजे, असा हिशेब. "पतंग दिसला का माहा लेक पागल होते," असं मला म्हणत त्यांनी गाठ पुन्हा आवळली आणि टाकीपाशी बसल्या. मला हायसं वाटलं. आता हे काही पडत नाहीत.

चक्री धरणारी मात्र उडवणाऱ्याच्या मागे उभी असते. हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

समोरच्या छतावरून एक लाल पतंग चालून आला. "ढील दे, ढील दे!" हे ओरडले. मी चक्री सैल सोडली. मग ह्यांनी मांजा खेचायला सुरुवात केली. खेचता खेचता हे मागे सरत आले, आणि ते सरले की मलाही सरावं लागे. त्यांचे डोळे आभाळात, माझे माझ्या टाचांमागे. "अहो, बस करा ना," मी म्हटलं, पण आजूबाजूच्या कल्ल्यात माझं मलाच ऐकू आलं नाही. लुगडं ताणलं गेलं आणि हे थांबले, अगदी सासूबाईंनी ठरवलेल्या जागी, एक पाऊल अलीकडे. त्या उरलेल्या पावलावर मी उभी होते.

ह्यांनी जोरात हिसका दिला. कोपर माझ्या खांद्याला लागलं आणि माझ्या डाव्या टाचेखाली काहीच उरलं नाही.

मी ओरडले की नाही, आठवत नाही. हातातून सुटलेली चक्री खाली आपटल्याचा आवाज तेवढा आठवतो. ह्यांनी वळून मांजा सोडला आणि मला धरलं, ते नेमकं हाराला. हलव्याचाच हार तो, तुटला, दाणे छतभर झाले. दुसऱ्या हाताला माझं मनगट सापडलं. क्षणभर आम्ही दोघं त्या जुन्या लुगड्याच्या भरवशावर तिरपे उभे होतो, आणि टाकीपाशी सासूबाई दोन्ही हातांनी गाठ धरून होत्या.

समोरची पोरं नाचायला लागली, "वो काटा! काटा है!" आमचा पतंग मांजासकट वाहत चालला होता.

ह्यांनी मला टाकीजवळ आणून बसवलं. त्यांच्या बोटातून रक्त येत होतं, मी तेच बघत राहिले. दुसरीकडे कुठे बघायची हिंमत नव्हती. सासूबाई गाठ सोडायला गेल्या, पण ताणाने ती इतकी आवळली होती की त्यांना सुटेना.

संध्याकाळी हळदीकुंकू होतं. वसाहतीतल्या बायका आल्या. मी हाराविना पाटावर बसले होते.

"अगं, नवरीचा हार कुठाय?" एकीने विचारलंच.

"मुंग्या लागल्या त्याले," सासूबाई माझ्याआधी बोलल्या. त्या माझ्या मागे अगदी खेटून बसल्या होत्या.

वाण द्यायला मी उठू लागले, तर उठताच येईना. वळून पाहिलं. माझ्या पदराचं टोक त्यांनी आपल्या पदराला बांधून ठेवलं होतं. मग आम्ही दोघी एकदमच उठलो, प्रत्येकीला वाण दिलं, आणि शेवटची बाई जाईपर्यंत त्यांनी ती गाठ सोडली नाही.