मांडवाच्या खांबापाशी घेतलेलं नाव

सनई वाजली की लोकांना आपलं लग्न आठवतं, जेवणावळ आठवते, रुसलेले व्याही आठवतात. मला एका बाईचा आवाज आठवतो, आणि त्या आवाजावर मी कैक वर्षं संशय घेतला. गाण्यावर कुणी संशय घेतं का, असं ठाण्याच्या शाळेतले माझे सोबती मास्तर मला विचारतात. त्यांची लग्नं भटजींनी लावली. अंतरपाटामागे कोण काय म्हणालं ते त्यांना कळलंच नाही, म्हणून ते सुखी आहेत.

आम्ही खाडीपलीकडचे, कळव्याकडचे आगरी. पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकवत आलो. आमच्यात लग्न लावते ती धवलारीण. ती गावातलीच बाई असते, एरवी चार जणींसारखी मिठागरात टोपल्या वाहते. पण मांडवात ती जे धवले गाते, त्या गाण्यांनीच हळद लागते आणि लग्नही लागतं. तिनं म्हटलं ते झालं, आणि तिनं गाळलं ते राहिलं.

आमच्या धवलारणीचा आवाज जाडसर, किंचित घोगरा, खाडीच्या वाऱ्यावर लांबपर्यंत जाणारा. त्या आवाजापायी मी लहानपणी कुणाच्याही लग्नात घुसायचो. सगळ्यांत आवडायचं ते आवतणाचं गाणं. त्यात ती आधी जित्या माणसांची नावं घेई. त्यांच्या दारी अक्षत आधीच पोचलेली असे. मग पाळी मेलेल्यांची. त्यांच्याकडे अक्षत कोण नेणार? म्हणून मांडवाच्या खांबाला हात लावून ती एकेका पूर्वजाला नावानं हाक मारी, आणि ते लग्नाला येत. येतात की नाही, अशी शंका कुणाला नसे. आजोबांचं नाव आलं की मी हळूच मागं वळून बघायचो.

माझा बाप मिठाच्या मचव्यावर जायचा. एका खेपेला मचवा खाली मलबारकडे गेला आणि त्याच्यावाचून परत आला. तो तिकडे एका बंदरात उतरला, मचवा सुटायच्या वेळेला आला नाही, एवढंच खलाशांनी सांगितलं. बुडाला म्हणावं तर कुणी बुडताना पाहिला नव्हता. आई कुंकू लावत राहिली. मी शिकलो, ठाण्यात मास्तर झालो, तरी घरात बापाविषयी कुणी बोलत नसे. धाकटा चुलता तेवढा कधीमधी सुस्कारा टाकून म्हणे की किती दिवस वाट बघायची, काहीतरी एक ठरवायला हवं. मिठागरातला वाटा बापाच्या नावावर होता. बाप गेला असं एकदा ठरलं की घरचा कर्ता म्हणून मिरवायला चुलता मोकळा. त्याचे सुस्कारे मला कधीच खरे वाटले नाहीत.

माझ्या लग्नात आईबापांच्या जागी चुलता आणि चुलती बसली. आई मागं बायकांत, चटईवर. धवलारीण आवतणाला लागली. जित्यांची नावं झाली. त्यांत बाप नव्हता. तिनं खांबाला हात लावला, पणजा आला, आजा आला, आणि त्याच सुरात, जराही न अडखळता, तिनं माझ्या बापाला हाक मारली.

मी चुलत्याकडे पाहिलं. तो खाली मान घालून बसला होता, आणि खाली मान घालणारा माणूस काहीतरी लपवतो असं माझं मत आहे. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव उठून भांडू शकत नाही, नाहीतर मी तिथंच विचारलं असतं. पाहुणे पांगल्यावर आईनं कुंकू पुसलं आणि बांगड्या उतरवल्या. कुणी तिला तसं करायला सांगितलं नाही आणि ती रडलीही नाही. एका गाण्यानं माझ्या आईला विधवा केलं, याचा मला भयंकर राग आला.

तेव्हापासून माझा हिशेब पक्का होता. चुलत्यानं धवलारणीला फितवलं. लग्नानंतर तिच्या अंगावर मी कोरं लुगडं पाहिलं होतं. ते प्रत्येक लग्नात तिला मिळतं, असं बायको म्हणाली. मी म्हटलं, पण या लग्नात काठ रुंद होता. चुलत्यानं मिठागराचा कारभार हाती घेतला, चोखही ठेवला, आणि जितका चोख ठेवला तितका माझा संशय वाढला. आवडतं गाणं तर कायमचं नासलं. कुणाच्याही मांडवात धवलारीण आवतणाला लागली की मी गाणं ऐकायचं सोडून सोयऱ्यांची तोंडं न्याहाळायचो, कुणी कुणाला मारून टाकलंय ते बघायला. कल्याणला कीर्तनाला गेलो तरी बुवांच्या आख्यानात मला कुणाचातरी हात दिसे. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मी सरळ धवलारणीच्या घरी गेलो. ती अंगणात सुकट निवडत बसली होती. बापाचं नाव मेलेल्यांत घेतलंस तर ठाण्याहून भटजी आणीन, आणि तुझं गाणं आमच्या घरातून कायमचं बंद, असं मी तिला बजावलं. चुलत्यानं काय दिलं होतं, तेही विचारून टाकलं.

तिनं सुकटीवरचा हात थांबवला नाही. "तुजा काका कशाला सांगतंय? तुजी आयस आलती माज्याकडं. तिलाच इचार."

मी घरी आलो तो तावातावानं. आई बहिणीच्या हळदीसाठी तांदूळ पाखडत होती. मी विचारलं तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, जणू मी आजवर विचारलंच नव्हतं एवढाच काय तो माझा दोष. माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी मलबारकडे जाणाऱ्या मचव्याचा एक तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तिला खाडीवर भेटला होता. बाप त्याच बंदरात होता, धडधाकट. तिकडे बायको होती, पोरं होती. आईनं हे कुणालाही कळू दिलं नाही. माझं लग्न ठरल्यावर तिनं त्याच तांडेलाच्या हाती बापाला अक्षत पाठवली. परतीच्या खेपेला तांडेलानं ती पुरचुंडी तशीच आणून तिच्या हातात दिली.

मी म्हटलं, म्हणून त्याला मारून टाकलंस? सूड म्हणून?

"सूड कसला रं," ती म्हणाली. "पोराच्या लगनाला बापूस नको? जिता बोलावला, तं आला नाय. मेलेली मानसा बोलावली की येतान."

भटजी आणला नाही. बहिणीच्या मांडवात धवलारणीनं खांबाला हात लावला, पणज्याला बोलावलं, आज्याला बोलावलं, आणि मग बापाला. त्या दिवशी मी चुलत्याकडे न बघता आईकडे बघत होतो. बापाचं नाव आलं तशी ती चटईवर थोडी सरकून बसली. शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा तिनं केली आणि पदरानं ती पुसून घेतली. माझ्या लग्नातही तिनं असंच केलं असणार.